पुलाचा चुना

लेकीनं इथलाच डच मुलगा पसंत केला, आणि त्याच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत मला काय दाखवावं? नदीवरचा जुना रेल्वेपूल! ते पुलांचे इंजिनिअर, मी चौथी पास. लेक कानात म्हणाली, "आई, आज गप्प बस. जमलेलं लग्न मोडशील."

"काठावर विटांच्या कमानी, पाण्यावर लोखंड," ते सांगत होते, लेक मला मराठीत समजावत होती. मी कमानीच्या सांध्यातला सुटलेला चुना जिभेवर ठेवला.

"आई!"

"ओरडू नकोस. त्यांना सांग, माझा बाप गवंडी होता. खारी वाळू असली की सांधा फुटतो. ही गोड्या पाण्यातली आहे, म्हणून पूल उभा आहे."

लेकीनं रडवेल्या तोंडानं सांगितलं. होणाऱ्या व्याह्यांनी चिमूटभर चुना स्वतः चाखला आणि लेकीला म्हणाले, "शनिवारी दुसरा पूल बघू. आईंना पाठव. तू नाही आलीस तरी चालेल."