कोटातलं बोलणं

— नाय गं, कोट घट्ट नाय होणार, खांद्यात तू नि सुरभी सारख्याच. आधी बस जरा, समिधा, मंग घाल. इंटरव्ह्यू उद्याच ना? मोहोपाड्याला? म्हंजे त्याच खोलीत. कसली खोली काय विचारतेस — सुरभीचा बाप कंपनीच्या टाकीत गुदमरून गेला तेवा आमाला बोलावलेलं, तीच. त्याच्या जागी पोरीला घेऊ म्हणाले, जसं आता तुज्या नवऱ्याच्या, स्वप्नीलच्या जागी तुला घेतो म्हणतात. नावापुरता इंटरव्ह्यू, म्हणाले, फक्त नीट कपडे घालून या.

म्हणून हा कोट. खोपोलीच्या बाजारातनं आणला. काळा नको म्हणत होते मी, घरातलं माणूस नुकतंच गेलेलं — पण ती म्हणाली, फॉर्मल काळाच असतो. संध्याकाळी आरशापुढं घातला आन् बोलून बघाय लागली. मी भाकरी थापत होते. आयकते तर आत कोणतरी परकी बाई — 'माझं शिक्षण बीकॉमपर्यंत झालेलं आहे, मला संधी मिळाल्यास' — खरं सांगते, उठून बघितलं मी, कोण आलंय म्हणून. तर हीच. मान पण वेगळीच धरलेली. म्हटलं, सुरे, जेव. तर म्हणते, 'हो, येतेच मी.' येतेच मी! एरवी 'आले गं' म्हणून ओरडायची, सगळ्या आळीला आयकू जायचं. हसलो आमी दोघी तेवा. कोट काढला तशी परत आपली झाली.

दुसऱ्या दिवशी मला पण नेलं, मागच्या खुर्चीवर बसवलं. एसी एवढा की हात काखेत घेतले मी. तिघं साहेब. चहा दिला, गोड बोलले. मंग मधल्यानं विचारलं — बाबांना मास्क दिलेला होता ना? आता आबा, म्हंजे तिचा बाप, रोज जेवताना काय बोलायचा? मास्क कपाटात हायेत, कपाटाला कुलूप हाय, मागितला तर म्हणतात आधी उतर. तिच्या ताटाशेजारी बसून बोलायचा. तिनंच म्हटलेलं, आबा, नको उतरूस. आन् तिथं — पाठ ताठ, हात मांडीवर — तिथं म्हणाली, 'मास्क उपलब्ध असावा. वडिलांकडून दुर्लक्ष झालं असण्याची शक्यता आहे.' वडील! जल्मात तिनं त्याला वडील म्हटलं नव्हतं. आबाला दोष दिलाच नसता गं तिनं. ह्या कोणा वडिलांना दिला. मी उठले, 'नाय, नाय' एवढंच निघालं माज्या तोंडातनं. साहेब म्हणाले, आई काय म्हणतायत? तर ही मागं न बघता — 'त्यांना धक्का बसलेला आहे. त्या सांगू शकणार नाहीत.' त्या म्हंजे मी!

गेटच्या बाहेर कोट काढला तशी माजा हात धरला. 'आये, मी काय बोलले गं आत?' भिंतीकडं तोंड करून ओकली. म्हटलं, चल परत, जाऊन सांगू खरं काय ते. तेवढ्यात आतनं माणूस आला — या मॅडम, अभिनंदन. तिनं तोंड पुसलं, नि कोट घातला. झालं. आबाची केस तिथंच मिटली, ती नोकरीला लागली.

आता काम काय तिचं? कंपनीत कोणाचं काय झालं की त्याच्या घरी जायचं, समजवायचं. तुज्याकडं पण आली होती ना? काय म्हणाली? 'समिधाताई'? बघ. तू सून होऊन आलीस तर तुला हाताला धरून विहीर दाखवणारी ती, समे समे करायची. घरात पण तसंच. मी काय बोलाय गेले की म्हणते, 'आपण नंतर बोलू.' पोटच्या पोरीची भीती वाटते — भीती म्हंजे तशी नाय. सोड. घाल बघू आता. बटन लाव. छान बसला. सकाळीच म्हणाली ती, समिधाला बरोबर होईल, आली की दे —

काय? तिला कसं ठाव तू येणार ते? अगं, तुला निरोप तिनंच धाडला ना, नीट कपडे घालून या म्हणून. हां... सांगू नको म्हणाली होती मला. आता बोललेच तर आयक — उद्या टेबलाच्या पलीकडं तीच असणार हाय.

थांब, काढू नको. एक विचारते. स्वप्नील कंपनीत वर चढला तेवा सेफ्टीचा पट्टा दिलता का त्याला? मघाशी दारात रडत म्हणालीस, नव्हता काकू, नुसत्या दोरीवर चढवला. आता सांग परत. मोठ्यानं. — काय? 'मला नक्की कल्पना नाही'? समे! कुठनं आलं गं हे? कोणी शिकवलं? खांदे बघ तुजे, कसे झालेत. काढ. काढ तो! बटन तुटू दे, काढ म्हणते ना! उद्या रोजच्या साडीत जा, आन् घरात बोलतेस तशीच बोल, नोकरी नाय दिली तर नाय दिली, पण त्या गेलेल्या पोराला तू —

गाडी वाजली. आली ती. नको, आता नको काढू. राहू दे. डोळे पूस. नीट उभी रहा.

ये, सुरभी. समिधाताई आलेल्या आहेत. हो, कोट दिला मी त्यांना, अगदी व्यवस्थित बसतो आहे. — नाही, आम्ही काहीच बोलत नव्हतो. निघा आपण, ताई. उद्या इंटरव्ह्यूला वेळेवर पोहोचायचं आहे आपल्याला.