सहावा मोजा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या बोलिंग क्लबच्या सर्वेसर्वा श्रीमती वेर्का इलिएव्स्का, व्यासपीठावर अर्ध्या तासापासून माझ्या वाट्याचे सॉसेज रोल संपवत बसलेले आमचे ड्रमवादक श्रीयुत ब्लागोय, आजच्या सत्कारमूर्ती ग्लेनिस ट्रेगियर, आणि रविवारची दुपार आमच्यासाठी मोडून आलेल्या पोर्ट केम्ब्लाच्या तमाम रसिक बंधुभगिनींनो,

मी नॉर्म व्हेलान. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझी फक्त पाठ पाहिली असेल. एक्केचाळीस वर्षं 'सॉल्ट शेड' या बँडचा आवाज मी सांभाळला. म्हणजे सभागृहाच्या मागच्या टोकाला, संडासाच्या दाराशेजारी, बटणांच्या टेबलामागे उभा राहिलो. अध्यक्षबाईंनी बजावलंय की पाच वाजता तिकिटांवर मटण जिंकायची सोडत आहे, त्याच्या आत आटप. आटपतो, बाई. पण आज मला एक गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

ग्लेनिसविषयी काय सांगू? बावीस वर्षांची पोर, पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला, आणि बँडच्या पहिल्या तालमीला ती आली तेव्हा हातात हे एवढं मोठं, फुगीर, पोकळ गिटार. आत सगळा पोकळ डबा, वर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं. लग्नात म्हातारी मंडळी वाजवतात ना, तसलं. मी म्हटलं, "बाई गं, इथे काय वाजवतात माहीत आहे का तुला?" ती म्हणाली, "माहीत आहे. तू तुझी वायर जोड."

वायर जोडली. आणि त्या गिटारने अशी बोंब ठोकली की ब्लागोय स्टुलावरून पडला. पडला होतास की नाही? मान हलवतोय बघा.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोकळ गिटार मोठ्या आवाजात वाजवलं की स्पीकरचा आवाज त्याच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, त्याने तारा पुन्हा हलतात, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र थांबतच नाही. गिटार हंबरायला लागतं. म्हणून तर शहाणी माणसं रॉकसाठी भरीव लाकडाचं गिटार घेतात. मी तिला शंभरदा सांगितलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं, "पोकळ आहे म्हणूनच तर घेतलंय रे."

मग तिने काय करावं? कार्यक्रमाच्या आधी, रिकाम्या हॉलमध्ये, आवाज पूर्ण चढवून ती स्टेजभर हिंडायची. एक पाऊल पुढे, अर्धं मागे, जरा खांदा वळव, परत थांब. कानातलं हरवल्यासारखी जमिनीकडे बघत. एका जागी गिटार गप्प राहायचं, तिथे मी पांढरी पट्टी चिकटवायची. एका जागी ते गायला लागायचं, तिथे लाल. मित्रहो, या दोन जागांत कधीकधी वीतभर अंतर असायचं! आणि दोन वीत बाजूला सरकलं की तेच गिटार वेगळाच सूर धरायचं. असं का? मी विचार करकरून थकलो. पत्र्याच्या छपराखाली वेगळं, गालिचा असला की वेगळं, गर्दी झाली की आणखी वेगळं. दुपारी लावलेली लाल पट्टी लोक आत आले की खोटी ठरायची. मग ती गाणं वाजवता वाजवता नवी जागा शोधायची आणि मागून मी हातवारे करायचो. आयुष्यभर मी तिला एकच वाक्य बोललो असेन, "ग्लेनिस, आवाज कमी कर."

आता अठ्ठ्याऐंशी साली काय झालं ते सांगतो. शर्ली, तूही ऐक. माझी बायको तिसऱ्या रांगेत बसली आहे.

सिडनीत आमचा कार्यक्रम होता. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला येणार होता. त्या वेळी असा माणूस येणं म्हणजे काय, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. माझी झोप उडाली होती. मला वाटलं, त्याच्यासमोर हे गिटार भलत्या वेळी हंबरलं तर आमचं हसं होणार. मी ग्लेनिसला म्हटलं, "आजच्यापुरता आत थोडा कपडा कोंबू या. सगळे कोंबतात." ती माझ्यावर उखडलीच. "माझ्या गिटारच्या पोटाला हात लावायचा नाही, नॉर्म. सांगून ठेवते."

मी लावला.

पट्ट्या लावून झाल्यावर ती समोरच्या दुकानात खिमा भरलेला मीट पाय खायला गेली होती. माझ्या बॅगेत फुटबॉलचे मोजे होते, लांब, लोकरीचे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. तीन जोड. त्या वळणदार भोकांतून मी ते सगळे आत ढकलले आणि वर काळी टेप मारली. नेहमी अर्धी टेप असायचीच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी गिटार एकदम शहाण्यासारखं वागलं. मी खूश! मग आलं ते संथ गाणं. त्याच्या शेवटी ग्लेनिस तारा सोडून द्यायची आणि गिटारला एकट्याला गाऊ द्यायची, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ती लाल पट्टीवर गेली. काहीच नाही. ती वळली. स्पीकरला चिकटून उभी राहिली. काही नाही. लोकांकडे पाठ करून ती सबंध स्टेजभर जागा शोधत फिरली, आणि सगळा हॉल बघत राहिला. मला वाटतं मिनिटभर झालं असेल. कंपनीचा माणूस पुढच्या गाण्याआधी उठून गेला. नंतर बारवाल्याने सांगितलं, तो म्हणे विचारत होता, "ते रडणारं गिटार म्हणतात ते हेच का?"

तो तेवढ्यासाठीच आला होता हो! ज्या बोंबेची मला लाज वाटत होती, ती ऐकायला आला होता.

परतताना बुलीच्या घाटात ग्लेनिस माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "माझ्यातच काहीतरी संपलं असेल रे." गाडी मी चालवत होतो. मी काही बोललो नाही. छत्तीस वर्षं मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी 'तारा बदलतो' असं सांगून मी गिटार घरी नेलं आणि हँगरच्या तारेने मोजे ओढून काढले. घाईत होतो. मी मोजले नाहीत. शर्ली, तू मला तीन दशकं विचारत आलीस ना, की सहाव्या मोज्याचं काय केलंस? तू तो पाचवा एकटा मोजा अजून कपाटात जपून ठेवला आहेस. मी म्हणायचो, धुण्यात गेला. खरंच मला तसंच वाटत होतं.

आणि गंमत बघा. त्यानंतर गिटार बदललं. पूर्वी चहूकडून किंचाळायचं, आता एकच सूर धरायचं, जाडा, गोल, बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा असतो तसा. लोक त्याला 'ग्लेनिसचा भोंगा' म्हणायला लागले. न्यूकॅसलहून माणसं गाड्या करून तो ऐकायला यायची. पोरं येऊन विचारायची, हा आवाज येतो कुठून? ब्लागोय सांगायचा, लाकूड मुरलंय. कुणी म्हणायचं, समुद्राची खारी हवा. एक प्राध्यापक चक्क फूटपट्टी घेऊन आले होते. मीही तावातावाने सांगायचो की वायरिंगमुळे होतं. खरं कारण कुणालाच माहीत नव्हतं, मलासुद्धा नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी ग्लेनिसला सांगितलं, डावा कान गेला, उजवा वाचवायचा असेल तर वाजवणं थांबवा. म्हणून तर आजचा हा निरोप. परवा इथे पट्ट्या लावून झाल्यावर तिने मला गिटार दिलं, "शेवटचं एक गाणं वाजवणार आहे, आत एक वायर सुटलीय, बघ." मी दातांच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा भोकातून आत घातला, आणि कोपऱ्यात, आतल्या पट्टीमागे, मला लाल-पांढऱ्या रेघा दिसल्या.

हा तो. बघा. कसर लागली आहे, पण ओळखू येतो.

तो काढून मी गॅरेजमध्ये गिटार लावून पाहिलं. ते सगळ्या तारांवर, सगळ्या दिशांनी, अगदी त्या पहिल्या तालमीसारखं ओरडलं. मी रंगाच्या डब्यावर बसून रडलो, खोटं कशाला बोलू? तुमचा भोंगा, मंडळी, माझ्या पायातला मोजा होता. आणि जो आवाज ग्लेनिसचा स्वतःचा होता, तो छत्तीस वर्षं मी त्यात दाबून ठेवला होता.

ग्लेनिस, तू उजवा कान माझ्याकडे केला आहेस, म्हणजे सगळं ऐकलं आहेस. त्या दिवशी तुझ्यातलं काहीही संपलं नव्हतं. ते माझं काम होतं. मला हे त्याच रात्री घाटात सांगायला हवं होतं. माफ कर. आता तूच सांग, मोजा परत आत घालू का? लोक भोंगा ऐकायलाच आले आहेत, आणि परवा आपण लावलेल्या दोन्ही पट्ट्या त्या भोंग्याच्या हिशोबाने आहेत. मोज्याशिवाय ते काय करेल, मला सांगता येणार नाही. वाजवायचंच नसेल तर तसं सांग, मी लोकांना समजावतो. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही मला मान्य आहे.

...

ती उठली आहे. काय म्हणालीस? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ती म्हणते, "गाढवा."

आणखी? ती म्हणते, "मोजा शर्लीला दे, जोडी पुरी होऊ दे."

आणि पट्ट्या? "काढ. दोन्ही काढ. जागा माझी मी शोधेन."

थांब, माझा गुडघा वाकत नाही. ब्लागोय, हात दे. ही पांढरी... आणि ही लाल. झालं.

तर मंडळी, आजच्या समारंभासाठी क्लबने हॉल दिला, स्वयंपाकघरातल्या बायकांनी सकाळपासून खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक केले, अध्यक्षबाईंनी सोडत लांबवली, या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहून गेलं असेल तर सांभाळून घ्या. बाकी चुकांची माफी मी सगळ्या सभागृहाकडे मागतो. एका चुकीची फक्त एकाच बाईकडे मागायची होती, ती मागून झाली.

ती आता गिटार गळ्यात अडकवून माझ्याकडे बघते आहे. काय गं? हो, हो, जातो मागे माझ्या टेबलावर. काय?

मंडळी, एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मला विचारते आहे, "नॉर्म, आज काही सांगणार नाहीस का?"

सांगतो ना. आवाज वाढव, ग्लेनिस.