बाप्तिस्म्याला अठरा किलोमीटर

...नाही, बोटीबद्दल माझी काही तक्रार नाही. बोट अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटली, इकारिया बेटाला वेळेवर लागली. तक्रार आहे ती पुढच्या अठरा किलोमीटरची. अठरा किलोमीटर, तुम्हाला सांगते. अथेन्समध्ये मी कोटाला अस्तर लावून होईस्तोवर माणूस एवढं जाऊन येतं!

दहाला धक्क्यावर उतरले. बाराला डोंगरापलीकडच्या गावात बाप्तिस्मा, आणि धर्ममाता कोण, तर मी. म्हणजे बाळाचा झगा माझ्या बॅगेत, मेणबत्ती, तेल, गळ्यातला क्रूस, सगळं माझ्यापाशी, आणि नाव माझ्या तोंडात. पाद्री विचारतो तेव्हा धर्ममाता म्हणेल ते नाव. बाळाची आई अरेती, आणि अरेतीची आई उरानिया. मशीनला मशीन लावून तीस वर्षं शिवत बसलो आम्ही दोघी. गेल्या हिवाळ्यात ती गेली. जाताना मला म्हणाली, "स्तामाता, नात झाली तर माझं नाव कुठंतरी राहू दे." आणि अरेतीची सासू आर्गिरो, ती तिथलीच, तिला काय हवं असणार? आर्गिरोच हवं. म्हणजे मी वेळेत पोचले नाही की संपलं.

स्टॉपवर कागद डकवलेला, बस साडेदहा. अकरा वाजले तरी बस नाही. समोर कॉफीवाला. त्याला विचारलं तर म्हणतो, "बस? ती साडेनऊलाच गेली की."

"अहो, कागदावर साडेदहा आहे ना?"

"आहे ना. पण मिल्तोसला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, आज बाप्तिस्म्याला जायचंय."

"कुणाच्या?"

"आर्गिरोच्या नातीच्या. तुम्ही कोण?"

"मी धर्ममाता."

त्यानं कप खाली ठेवला. "मग तुम्ही बसमध्ये कशा नाही?"

बरं, टॅक्सी? टॅक्सी एकच, ती पण तिकडंच, बाप्तिस्म्याला. म्हणजे माझ्याच कार्यक्रमाला अख्खं बेट गेलेलं आणि मी एकटी बॅगेवर बसलेली!

शेवटी झाफिरिस नावाचा एक मधवाला आला, टेंपोत मधमाश्यांच्या पेट्या. "बसा मावशी, मी त्याच बाजूला निघालोय." बसले. त्याच बाजूला म्हणजे काय, तर आधी बहिणीकडं चीज द्यायला. बहीण म्हणते, "धर्ममाता दारात येते आणि तोंड गोड न करता जाते?" म्हणजे बसा, चमचाभर मुरंबा खा, पाणी प्या, मुरंबा कशाचा ते ऐका, उरानिया कशानं गेली ते सांगा... मग एका पेटीचं झाकण बघायचं. मग रस्त्यात शेळ्या, आणि हा हॉर्न वाजवत नाही, म्हणतो, शेळ्या त्याच्या मामाच्या आहेत. आणि सगळा वेळ एकच, "मावशी, आर्गिरो चांगलं नाव आहे हां. म्हणायला सोपं." अठरा किलोमीटर, तुम्हाला सांगते, आणि घड्याळात दीड!

एका वळणावर थांबला. "मला इथून खाली जायचंय. तुम्ही या पायवाटेनं वर जा, हे काय गाव."

"किती वेळ लागेल?"

"माझ्या आईला वीस मिनिटं लागतात."

"आई किती वर्षांची?"

"नव्वद."

मला अठ्ठावन्नाव्या वर्षी सव्वा तास लागला. बॅगेचं एक चाक तिथंच कुठंतरी आहे. वाटेत मी झाफिरिसला, मिल्तोसला, तिथल्या डोंगरांना, आणि खरं सांगू, उरानियालासुद्धा बोलले. मरताना दुसरं काही मागता येत नव्हतं का बाई?

पोचले तेव्हा पावणेतीन. वाटलं, झालं असणार. तर चर्चच्या अंगणात सगळं गाव उपाशी बसलेलं, मटण गार होत चाललेलं, आणि दारात काळ्या कपड्यात हाताची घडी घालून आर्गिरो. अरेती मला मागाहून म्हणाली, मिल्तोस पुढं झाला होता, "मी राहतो उभा धर्मपिता म्हणून," तर सासूनं त्याला खाली बसवलं. पाद्रीलाही. "बाई अथेन्सची आहे, चुकत माकत येईल, पण येईल. भलतीच माणसं उभी करून माझ्या नातीचं बाटलीतलं औषध पाजल्यासारखं उरकायचं नाही."

पावणेतीन तास तिनं थोपवून धरलं होतं, त्या बाईनं. मला पाणी दिलं, डोक्यावरच्या स्कार्फच्या टोकानं माझं तोंड पुसलं, आणि हळूच म्हणाली, "नाव तुमच्या हातात. मी काही बोलणार नाही."

न बोलता असं बोलतात, बघा.

घंगाळातल्या पाण्यातून वाफ येत होती. पाद्रीनं विचारलं. अरेती जमिनीकडं बघत होती. चढाची धाप अजून गेली नव्हती, वाटलं, आर्गिरो म्हटलं तर काय बिघडेल... आणि म्हटलं, "उरानिया."

मागं दोघंतिघं खोकले. आर्गिरोनं छातीवर क्रूसाची खूण केली. मग जेवताना सगळ्यात मोठा तुकडा माझ्याच ताटात वाढला. मी मनात म्हटलं, जिंकले गं बाई.

तेवढ्यात पोर रडायला लागली. आर्गिरोनं तिला उचललं, छातीशी धरलं, "ये गं माझी आर्गिरो, ये." लगेच शेजारीण म्हणाली, आर्गिरोला भूक लागली असेल. मिल्तोस म्हणाला, आर्गिरोला ऊन लागतंय. मी कुणाकुणाला थांबवणार?

परवा अरेतीचा फोन होता. बोलता बोलता म्हणाली, "थांब हं मावशी, आर्गिरो उठली," आणि मग घाईघाईनं, "उरानिया, उरानिया म्हणायचं होतं मला."

मी म्हटलं, "राहू दे गं. रडतेय ती, आधी घे तिला."