नवं कुठल्या गेटने न्यायचं?

हॅलो? … हॅलो, दीपेश? … अरे मी, काशीकाकी. … काशीकाकी रे, तुझी सख्खी चुलती. किती काक्या हायत तुला? … हां. मंग ओळख की.

आली मी. … कुठं म्हणजे? कोंडजाईला. देवळापाशी उभी हाय. … आज दसरा, मंग आजच येणार ना. उद्या येऊन काय करू?

एकटीच. मुरबाडवरून जीप भेटली, ड्रायव्हरच्या बाजूला चौथी बसली. गिअर टाकताना दर वेळेला माझा गुडघा बाजूला कर, गुडघा बाजूला कर. … तुझा आजा, बुधूबा, नाय आला. यंदा त्याच्या पायात जीव नाय. सकाळी ओट्यावर बसून स्वतः नव्याची जुडी केली त्याने. भाताच्या लोंब्या, कुर्डू, झेंडू, आंब्याचं पान, सगळं नीट. आणि बोलला, काशी, यंदा तू जा, बाराच्या आत देवीच्या चौकटीला बांध. … हो, बाराच्या आतच. बाराला पडदा पडला की संपलं.

म्हणून तर फोन केला. तूच बोललेलास ना? पाड्यावर, सगळ्यांच्या समोर, आमच्या खाटेवर पाय पसरून. 'काकी, मी आता देवळात सिक्युरिटीला हाय. रांगबिंग विसरा. एक फोन करा, डायरेक्ट आत.' … बोललेलास. शेजारची राही होती तितं, विचार तिला. … हा घे, केला फोन. आता घे डायरेक्ट.

… काय? … ऐकू येत नाय, मोठ्याने बोल. … साहेब बाजूला हाय? बरं. मंग तू हळू बोल, मी कशाला हळू बोलू? माझा कुठं साहेब हाय.

एक नंबरला हाय मी. 'धर्मदर्शन' लिवलंय. … अरे, वाचता येतं मला, चौथी शिकली. … रांग? रांग दिसते, तिचं टोक नाय दिसत. पार्किंगच्या पलीकडे रसाच्या गाडीपर्यंत गेलीय. एक बाई बोलली सकाळी सातला लागलोय. आता सव्वाअकरा झाले. … चपला काढल्या मी. स्टँडवर दिल्या, बिल्ला दिला त्यांनी.

… दोन नंबर. ज्येष्ठ नागरिक. बरं, चालायला लागली. … फोन ठेवू नको. चालू ठेव. तू ठेवलास की परत उचलायचा नाय, ओळखते मी तुला. सूरजने रिचार्ज मारलाय, काय काळजी नको.

… फरशी तापलीय रे. … चपला एक नंबरला राहिल्या ना. परत जाऊन आणू आणि परत काढू? …

आली. दोन नंबर. … ओ दादा, मला सोडा, मी ज्येष्ठ हाय. … आधार? हे घ्या आधार. … दीपेश, थांब हां, हा काय तरी बोलतोय. … नाय बोलतो. आधारवर मी बावन्न वर्षांची हाय. … अरे त्या आधारवाल्या पोराने विचारलं, जन्म कधीचा. मी बोलली, आवणीच्या दिवसातला, भात लावतात तेव्हाचा. त्याने टाकलं एक जानेवारी. साल पण त्यानेच टाकलं, आपल्या मनाने. … ओ दादा, माझा सूरज पंचेचाळीसचा हाय. मी बावन्नची, तर तो मला सातव्या वर्षी झाला काय? … हसतोय. हसतोय पण सोडत नाय. बोलतो, मावशी, तुमी तर अजून तरुण. … तूच सांग काय बोलू याला.

तीन नंबर? … पासवाल्यांचं ना ते? माझ्याकडे कुठला पास? … बघते जाऊन. तू सांगतोस म्हणून बघते.

… हां, हितं रांग नाय. हितं सगळं गार गार हाय, पंखे लावलेत, खाली लाल चटई. देवीला पण एवढा वारा नसेल. … ओ ताई, आत जायचंय. … ती बोलते मोबाईलमधले काळे चौकोन दाखवा. … माझा बटणांचा फोन, त्यात कुठले चौकोन? … अरे दाखवला तिला फोन. ती बोलली, मावशी, हा फोन चालतो अजून? मी बोलली, चालतो की, आत्ता माझा पुतण्या त्याच्यात हाय, तुमच्याच देवळात कामाला, बोलता काय. … नाय घेतला तिने. … तुला लाज वाटली? मला वाटायला पायजे, मी अनवाणी फिरते.

… काय जमा करू? … कुठं? … हां, दिसला. 'पूजा साहित्य येथे जमा करावे.' निळी क्रेट हाय. आत खण, नारळ, साड्या, हळदीच्या पुड्या, सगळं एकावर एक. ओटी हाय की बाजार हाय. … त्यात टाकू नवं? दीपेश, तू आपल्याच घरात जन्मलास ना? … पुजाऱ्याच्या हाती पण नाय चालत. बुधूबाच्या घरातला हात लागायला पायजे. सून चालते, लेक चालतो, घरातलं शेंबडं पोर पण चालतं. दुसऱ्याच्या हाताने नाय. देव आपल्या घराच्या नांगराला लागला होता रे, पुजाऱ्याच्या नाय.

… टाइम नाय तर माझ्याकडे पण नाय. तुला माहिती हाय ना पाड्यावर काय चाललंय? बावीस चुली. बावीस घरात नवा तांदूळ सुपात काढून ठेवलाय, कोणी शीत तोंडात घातलं नाय. जुना कधीच संपला, आठ दिवस नाचणीवर हायत सगळी. मी फोन केल्याशिवाय भात चढणार नाय. राहीची नात सकाळपासून सुपापाशी बसलीय, तिला हाताला धरून उठवतात, ती परत जाऊन बसते. … एक साल चुकलं नाय रे आजपर्यंत. तुझा काका तापाने फणफणला होता, तरी येऊन बांधून गेला. आणि माझ्या वेळेला चुकलं तर? मी काय तोंड दाखवू? … हां. बोल आता, कुठल्या गेटला जाऊ?

चार नंबर? मानकरी? … हे आधी नाय सांगायचं? आपणच तर मानकरी. … चालते, चालते. … ओ भाऊ, ती छत्री डोळ्यात जाते. …

आली. कमान काय हाय रे, केवढी मोठी. वर नाव कोणाचं? … वाशिंदचा बिल्डर? देवीचं नाव खाली बारीक, त्याचं वर मोठं. … ओ दादा, मी कोंडपाड्याची. बुधूबाची सून. नवं बांधायला आली. … यादी बघतोय. … अजून बघतोय. … पानं उलटतोय. … नाय बोलतो. … सरपंच हाय यादीत, बिल्डर हाय, त्याचा मेहुणा हाय, कोण तरी पेट्रोलपंपवाला हाय. … मी सांगितलं त्याला. बोलली, देवी जमिनीतनं वर आली तेव्हा आमच्या आजेसासऱ्याचा नांगर मोडला. तेव्हा हितं कमान नव्हती, भात होतं. … त्याने नीट ऐकलं हां. सगळं ऐकलं, मान हलवली, आणि बोलला, मावशी, हे लेखी हाय काय? … नांगराने पावती द्यायला पायजे होती बहुतेक.

… आता पाच? पाच पण हाय? … अरे माझ्या तळव्यांना फोड येतील, दीपेश. … नाय, बोलत नाय काय. चालते. … स्पीकरवर बाई काय सांगते? 'भाविकांनी सहकार्य करावे.' करतेय की. सकाळपासून सहकार्यच चाललंय माझं.

… हं. आली पाचला. 'बाहेर जाण्याचा मार्ग.' … दीपेश, ह्या गेटने लोक बाहेर पडतात. मला आत जायचंय. … तुला माहिती होतं? मंग पाठवलंस कशाला? … मी थकून घरी जाईन असं वाटलं? … नाय नाय, बोल ना, खरं बोल. …

बरं, थांब. हितं लोखंडाची जाळी हाय, जाळीतनं सरळ दिसतं. देवीची चौकट दिसते. गर्दीतनं, पण दिसते. … आणि चौकटीपाशी एक निळ्या शर्टवाला दिसतो. टोपी घातलेला. एका हाताने लोकांना पुढे ढकलतोय, चला चला, थांबू नका. दुसऱ्या हाताने फोन कानाला. … दीपेश, कोण रे तो? …

पाठ कशाला फिरवलीस? ओळखते मी ती पाठ. तुझी आई वीटभट्टीवर जायची तेव्हा मीच घासून आंघोळ घालायची. … साहेब कुठला, तो गॉगलवाला? … आणि त्याच्यासमोर मला काकी बोलायला जमत नाय. बरोबर हाय. लुगडं नेसलेली, अनवाणी, हातात गवताची जुडी. मी पण नसती ओळखली. …

रडवेला होऊ नको. रागावली नाय मी. … रागावली हाय, पण ते नंतर. … थांब जरा. … थांब, मला बोलू दे. मी अर्धा तास पाच गेटं फिरते, आत जायला. कशाला? बुधूबाच्या घरातला हात चौकटीला लागावा म्हणून. … आणि तो हात आतच हाय रे. चौकटीपासून दोन हातावर, रोज आठ तास उभा. … तू. तू कोणाचा नातू? … मंग. मला पण आत्ता सुचलं, तुला तर सुचलंच नसतं.

ये जाळीपाशी. पंधरा पावलं हायत. … ड्युटी सोडता येत नाय. … काढून टाकेल? … ते मी कसं सांगू, काढेल का ठेवेल. काढलं तर मला वाईट वाटेल, खोटं नाय बोलत. तुझ्या आईने ह्या कामासाठी किती जणांचे पाय धरले, मला माहिती हाय. … पण तू मला एवढंच सांग, पाड्यावर जाऊन काय बोलू? दीपेश चौकटीला टेकून उभा होता, पण ड्युटीवर होता? … तसंच बोलेन. बुधूबाला पण तसंच सांगेन, तुझ्या नावासकट. … किती वाजले तुझ्या घड्याळात? … अकरा बावन्न. बघ, टाइम तूच सांगितलास.

…

… येतोस? … ये. …

अरे, किती वाळलास. … जेवण देत नायत काय? … हात घाल जाळीतनं. जपून, लोंब्या झडतील. … कुर्डू तुटला एक, असू दे. … आता बूट काढ. … बूट घालून कोंडजाईच्या चौकटीला हात लावणार तू? … रोज लावतोस ते मला सांगू नको. … लेस सुटत नाय तर खेचून काढ. … मोजे पण. … टोपी राहू दे. जा. फोन स्पीकरवर ठेवून खिशात टाक, बंद नको करू.

… ओ ताई, जरा सरका, बघू दे. माझा पुतण्या हाय तो. … हां, तोच, अनवाणी चाललाय तो सिक्युरिटीवाला. …

उजव्या अंगाला, दीपेश. उजव्या. मागच्या सालचं नवं तितंच असेल. … साफसफाईत काढलं? बरं. खिळा हाय ना? … तुझ्या काकाने ठोकलेला खिळा हाय तो, हलायचा नाय. … दोरा दोनदा फिरव. गाठ पक्की मार. … आता घंटा. …

ऐकली. … ऐकली रे.

… कोण ओरडतो? … साहेब. ओरडू दे. काय बोलतो? … 'कोणाच्या परवानगीने.' … आणि तू काय बोललास? … परत बोल, घंटेत ऐकू नाय आलं. … 'आमचं घर बांधतं हे.' एवढंच बोललास? … बस झालं. चांगलं बोललास. अर्धा तास आधी बोलला असतास तर माझे तळवे वाचले असते.

… तो काय बोलला मंग? … उद्यापासून येऊ नको? … खरंच बोलला, की रागात? … बरं. … बरं, उद्याचं उद्या बघू. तुझ्या आईला मी सांगते. तू नको सांगू, तुला मारेल ती.

आता मी पाड्यावर फोन लावते, भात चढवा बोलते. ती पोर सुपापाशीच असेल अजून. … तू पण ये जेवायला. भात झाकून ठेवते. … कुठनं म्हणजे? … हां, आता तू विचार. पास नाय, यादी नाय, आधार नाय, एकच दरवाजा हाय आपल्या घराला. वाकून ये तेवढं, दर वेळेला डोकं आपटतोस.

… बूट उचल आधी, कोणी तरी पाय देईल. … ठेवते.