अर्धं तोडलेलं बोलणं

(निंबर्गा, कर्नाटकातलं सीमेजवळचं गाव. जगदेवप्पाचं दार. दिवस कलतोय, आत टीव्हीवर वादावादी चालू आहे.)

लिंबाजी : ...मंग मेंढरं घेऊन जाऊ कुठं, अप्पा? वाटंवर उभी हायती. त्यातली एक तर आज-उद्या वेणार हाय.

जगदेवप्पा : निरोप धाडला होता की. औंदा माझ्या रानात बसवायची न्हाईत.

लिंबाजी : कामून? तूर निघाली की माझी मेंढरं तुझ्याच रानात बसत्यात, बाच्या वक्तापासनं. लेंड्या तुझ्या रानाला, जवारी माझ्या घराला.

जगदेवप्पा : परवा चहाच्या हाटेलात काय म्हणलास? चार लोकांत! 'हा तालुका महाराष्ट्रात जायला पायजे, व्हय का न्हाई तेवढं सांग!'

लिंबाजी : टीव्हीतला तो सुटवाला तसंच इचारायला होता. माझ्या तोंडात आलं.

जगदेवप्पा : तोंडात आलं! बोट नाचवायलास माझ्यापुढं!

लिंबाजी : अन् तू टेबल बडवून 'आधी उत्तर दे, आधी उत्तर दे' करायलास ते? मला एक शबूद बोलू दिलास?

जगदेवप्पा : तू दिलास मला?

लिंबाजी : ऐक तर खरं, मी...

जगदेवप्पा : न्हाई, आधी तू ऐक...

लिंबाजी : बघ! परत तेच!

रुद्रम्मा : अय्यो! आत चारजण भांडायलेत, दारात माझा नवरा अन् तुम्ही. कुणाचं ऐकू मी? हे घ्या, बंद केला टीव्ही. बोला आता.

लिंबाजी : ...

जगदेवप्पा : ...

रुद्रम्मा : का हो लिंबाजीअण्णा? टीव्ही नसला की सुचंना व्हय? तालुका हिकडं ऱ्हावो न्हाईतर तिकडं जावो, आमचं खालचं रान कुठं जाणार हाय? लेंडीखत न्हाई पडलं तर जवारी काय टीव्हीतनं काढायची?

जगदेवप्पा : तू मधी पडू नको.

लिंबाजी : ऱ्हाऊ दे, अक्का. आळंदच्या वाटंला बघतो कुणाचं रान. मेंढरांभवती वाघरीचं जाळं बांधायपुरती जागा कोण बी देईल. पर अप्पा, लई लागलं मला. ह्याच गोष्टीवर आपण किती येळा बोललाव! तू कन्नडात, मी मराठीत, बिडी इझंस्तोवर. कधी राग आला व्हता का?

जगदेवप्पा : थांब.

लिंबाजी : मेंढरं खोळंबली हायती.

जगदेवप्पा : खोळंबू दे जरा. परवा तू 'पर माझा बा' म्हणलास, अन् मी वरडलो. फुडं काय म्हणणार होतास?

लिंबाजी : काय न्हाई.

जगदेवप्पा : सांग. मी मधी बोलत न्हाई.

लिंबाजी : माझा बा गेला तवा तुझ्या बानं खांदा दिला. मसणवाट्यापतूर कन्नडात रडत गेला. मला समदं कळत होतं. तेवढंच म्हणायचं होतं.

रुद्रम्मा : ऐकलं का?

जगदेवप्पा : ऐकलं. बॅटरी आण आतली. खालच्या रानात वाघर बांधस्तोवर अंधार पडंल.