मागं राहिलेले पास्टरसाहेब

सलाम, मंडळी.

आत बसायला जागा उरली नाही. व्हरांड्यातही माणसं उभी आहेत. कुणी देवणीहून आलात, कुणी उदगीरहून, कुणी लोह्याहून पहाटेची एसटी धरून आलात. पास्टर याकोबसाहेबांच्या गावची बौद्ध मंडळी आली, पाटलांच्या घरची माणसं आली. साहेब होते तोवर त्यांच्यासमोर एवढी माणसं एका वेळी कधीच बसली नव्हती. हे बघून मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही.

मला बोला म्हणाले, कारण शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडं जाऊन येणारा मीच होतो. पण मी शमुवेल, ऑफिसातला रिटायर क्लार्क. मला टिपण लिहिता येतं, बोलणं जमत नाही. त्यातून आज जे बोलायचंय ते माझ्याच विरोधात आहे. जरा सांभाळून घ्या.

आमचं गाव देवणीपलीकडं. तिथल्या छोट्या चर्चमध्ये मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा पंचवीस-तीस घरं होती आमची. मग तो मोठा दुष्काळ आला. पास्टरसाहेब आमच्या बापांच्या शेजारी बसून खडी फोडायचे. त्याच दुष्काळात त्यांची बायको, सारामावशी, तापानं गेली. लेकरूबाळ नव्हतं. पाऊस आला, पण बाहेर पडलेली माणसं परत आली नाहीत. आणि काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नवी ऑफिसं, नवी क्वार्टरं, नव्या नोकऱ्या. दुष्काळातून जे राहिले होते ते जिल्ह्यानं नेले. मीही त्यातलाच. शेवटी तिकडं उपासनेला दोनच माणसं राहिली. एक पास्टरसाहेब आणि दुसरी मार्थामाय. मार्थामायला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिचं कुणी नव्हतं.

इथं लातूरला आपली मंडळी वाढत होती. पास्टर पाहिजे होता. मी उठून म्हणालो, मी आणतो याकोबसाहेबांना. खरं सांगू? साहेबांसाठी म्हणालो नाही. नव्या जिल्ह्यात माझं नाव व्हावं म्हणून म्हणालो. शमुवेलनं पास्टर आणला, असं लोकांनी म्हणावं म्हणून.

आणि साहेब? त्यांना यायचं नव्हतं असं समजू नका. लई यायचं होतं. त्यांचा आवाज तुम्ही ऐकलाय का? ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे. तो आवाज दोन माणसांसाठी नव्हता. त्यांनी उदगीरच्या शिंप्याकडून नवा पांढरा झगा शिवून घेतला. पहिला उपदेश लिहून काढला. तो उपदेश कशावर होता माहीत आहे? नम्रतेवर. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यावर. मला वाचून दाखवला आणि विचारलं, "शमुवेल, लातूरच्या लोकांना आवडंल का रे?"

मी जीप घेऊन गेलो. ट्रंक चढवली. साहेब पुढं बसले. तेवढ्यात भिंतीला हात लावत लावत मार्थामाय आली. रडली नाही. जाऊ नका म्हणाली नाही. म्हणाली, "जावा साहेब, सुखानं जावा. फकस्त येवढं सांगून जावा. मला दिस कळत न्हाई. तुम्ही घंटा वाजवली की मला कळतंय, आज रविवार हाय. आता मी रविवार कसा वळखू?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

साहेब खाली उतरले. म्हणाले, "शमुवेल, ट्रंक काढ."

मला राग आला. लातूरला जाऊन मी काय तोंड दाखवू? मी त्या माउलीसमोरच त्यांना बोललो. म्हणालो, "साहेब, तुम्हाला नम्रपणाची लई हौस हाय. लोकांनी वा वा म्हणावं म्हणून तुम्ही मागं राहताय." त्यांनी ट्रंक एकट्यानं ओढत आत नेली. एका टोकाला मी हात लावू शकलो असतो. लावला नाही. जीपमध्ये बसून निघून आलो.

त्यानंतर अकरा वर्षं मी गेलो नाही. अकरा वर्षं, मंडळी. देवणी काय परदेशात आहे का?

मधे एक पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. मार्थामाय प्रभूकडं गेली, तिच्यासाठी प्रार्थना करा. खाली सही. बाकी काही मागणं नाही. पण मला कळलं होतं. आता त्यांना तिथं धरून ठेवणारं कुणी नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच इथली पास्टरची जागा पुन्हा मोकळी झाली होती. आपली बैठक बसली. त्या बैठकीतले दोघं आज समोर बसलेत, त्यांना आठवत असंल. अध्यक्षांनी विचारलं, कुणी नाव सुचवतं का? पोस्टकार्ड माझ्या खिशात होतं. मी गप्प बसलो. मनात म्हणालो, त्यांना राहायचं होतं ना, राहू दे आता.

नांदेडहून दुसरे पास्टर आले. चांगले होते. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मग माझी बायको गेली. मुलगी आधीच सासरी होती. घरात भांडं पडलं तरी दचकायला होई. बाकी दिवस ऑफिसात निघायचे, रविवार निघायचा नाही. इथं या चर्चमध्ये शंभर माणसांत बसलो तरी एकटाच. एका रविवारी इथं यायला निघालो आणि स्टँडवर जाऊन देवणीच्या गाडीत बसलो. का बसलो, मला सांगता येणार नाही.

गावात पोचलो तर चर्चचं दार उघडं. आतून आवाज येत होता. तोच आवाज, जरा खरखरीत झालेला. मी दाराशीच थांबलो. आत एकही माणूस नव्हतं. बाकं पुसून ठेवलेली. साहेब वेदीपुढं गुडघ्यांवर होते आणि मोठ्यानं प्रार्थना करत होते. मला वाटलं, देवाची स्तुती चाललीय. नाही. ते म्हणत होते, "देवा, तुझ्या मनासारखं होऊ दे. पण तुला खोटं कशाला सांगू? मला लातूरला जायचं होतं. अजून बी जायचं हाय. लोकांनी माझं ऐकावं, ही हौस अजून मेली न्हाई. किती वर्षं तुझ्या पायाशी आणून टाकतोय, तरी ती दर रविवारी उठून माझ्याआधी इथं येऊन बसतीय. आज पुन्हा टाकतो. घे."

मंडळी, मी आयुष्यभर नम्रतेवर उपदेश ऐकलेत. मला वाटायचं, नम्र माणसाला काही नको असतं. त्या दिवशी दारात उभा राहून मला कळलं, त्याला हवं असतं. खूप हवं असतं. आणि मी त्यांना नम्रपणाची हौस हाय म्हणालो होतो.

मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. बाक करकरलं. साहेब वळले. मला ओळखलं. उठले, झगा झटकला आणि म्हणाले, "आलास? बस. पहिल्यापासून सुरू करतो." आणि एका माणसासाठी पूर्ण उपासना घेतली. गीतं, वाचन, उपदेश, सगळं.

संपल्यावर मी त्यांना बैठकीचं सांगितलं. खिशातल्या पोस्टकार्डाचं सांगितलं. आता तुम्हाला वाटत असंल, साहेबांनी लगेच मला पोटाशी धरलं. तसं सांगितलं तर ते खोटं होईल. ते उठून बाहेर गेले. लिंबाखाली माझ्याकडं पाठ करून किती तरी वेळ उभे राहिले. परत आले ते म्हणाले, "आज मला तुझ्याशी बोलवंना. पुढल्या रविवारी ये."

मी पुढल्या रविवारी गेलो. म्हणाले, "आठ दिस देवाशी भांडत होतो. तुला माफ केलं असं माझ्या तोंडातून निघंना. मग त्यालाच म्हणालो, तू पुढं होऊन याला माफ कर. मी मागून येतो."

मी विचारलं, "कधी याल साहेब?"

म्हणाले, "म्हातारं माणूस हाय मी. हळूहळू यीन."

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. ते माझ्याशी नीट वागायचे, चहा करून द्यायचे. पण त्या गोष्टीचं नाव नाही. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि हात काढूनच घेईनात. मी वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. हळूच म्हणाले, "शमुवेल, मी आलो."

एवढंच. मला सांगायचं होतं ते एवढंच.

गेल्या मंगळवारी त्यांना मातीआड केलं, सारामावशीच्या शेजारी. तेव्हापासून माझ्या मनात येतंय, आता मी चुकलो तर मला "पुढल्या रविवारी ये" म्हणणारं कोण राहिलं? कुणी नाही. हे दुःख तुम्हाला वाटून देता येत नाही, ते माझं मलाच उचलायचंय.

हार-तुरे आणले असतील तर राहू द्या. आपल्याला जे लई हवंय आणि सोडवत नाही, असं काहीतरी प्रत्येकाजवळ असंल. उभे राहा. ते मनात धरा, आणि सोडवत नाही हे देवाला खरं खरं सांगा. तोंडानं नको. थोडा वेळ सगळे गप्प राहू या.

सलाम, पास्टरसाहेब.