हळदी धिंगाणा फुल बेस

प्रणय : बंद करा ते, चाचा.

जब्बार : थांब रे बेटा, आत्ता तर बेस सुरू झाला. हौ… हौ… बघ बघ, दुकानाची काच हलतेय! तुझ्या गाण्यानं शहागंजातली काच हलली, प्रणय मियाँ. आर्टिस्टला आणखी काय पाहिजे?

प्रणय : हे माझं गाणं नाही.

जब्बार : कसं नाही? आवाज तुझा, शब्द तुझे. खाली फक्त ढोल लावलेत अन् गाडी चौथ्या गियरमध्ये टाकलीय.

प्रणय : वर नाव वाचा काय आहे ते.

जब्बार : चष्मा… हां. ‘हळदी धिंगाणा फुल बेस. डीजे सुदर्शन देवगावकर.’

प्रणय : माझा बाप गेला त्यावर लिहिलेलं गाणं आहे ते. ‘ताटं तीन, जेवणारे दोन.’ अन् त्याच्यावर लोक हळदीत नाचतात. हे ‘हळदी धिंगाणा’ कुणाच्या डोक्यातून निघालं, चाचा? त्या सुदर्शनचं डोकं एवढं चालत नाही.

जब्बार : नाव झकास आहे मात्र.

प्रणय : चाचा!

जब्बार : बरं, माझंच. आता मारशील काय? बस, स्टूल घे. अरे, तूच गाणं आणून दिलंस ना? म्हणालास, चाचा, तुमच्याकडं लोक मेमरी कार्ड भरायला येतात, त्यांच्यात माझं एक टाकत जा. मी इमानदारीनं तुझ्या नावानं ठेवलं. ‘प्रणय, ताटं तीन.’ लोक लिस्ट बघायचे अन् म्हणायचे, हा कोण प्रणय? ह्याला काढा, दुसरं टाका. फुकट घेईनात बेटा, फुकट! मग मी म्हटलं, चला, पोराची टोपी बदलून बघू.

प्रणय : टोपी.

जब्बार : हौ. हळदी धिंगाणा म्हटलं अन् पब्लिक तुटून पडलं. एक ट्रॅक्टरवाला परत आला भांडायला. म्हणतो, ह्याच्यात बेस कुठंय? मी म्हटलं, बेस आहेच, तुझ्या ट्रॅक्टरचा स्पीकर फाटलाय! गेला बिचारा, नवीन स्पीकर घेतला. माझ्याकडूनच घेतला!

प्रणय : हसू नका ना.

जब्बार : हसत नाही, चेहराच असा आहे.

प्रणय : नेटवर माझं गाणं सदतीस लोकांनी ऐकलं होतं. सदतीस. त्यातले चार फोन माझेच.

जब्बार : दोन माझे.

प्रणय : ह्याचं बघा. लाखांत गेलंय. अन् काल मला नेटवाल्यांचा मेसेज आला. वाचतो, ऐका. ‘तुमच्या गाण्यात डीजे सुदर्शन देवगावकर यांच्या मालकीचा आवाज आढळला आहे. तुमचं गाणं काढून टाकण्यात येत आहे.’

जब्बार : तुझ्या गाण्यात त्याचा आवाज?

प्रणय : माझा गळा त्याच्या मालकीचा आहे म्हणे. त्यांनी काढलं, मी परत टाकलं. त्यांनी काढलं, मी परत टाकलं. आता म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत मूळ रेकॉर्डिंगचा पुरावा द्या, नाहीतर चॅनलच उडवतो. सगळी गाणी जातील.

जब्बार : परत परत कशाला टाकायचं ते?

प्रणय : राग आला होता.

जब्बार : मग माणसाशी बोल त्यांच्या. चहा पाज.

प्रणय : माणूस नाही तिथं. मशीन आहे. मशीन ऐकतं अन् मशीनच काढतं.

जब्बार : चला, कुणीतरी पूर्ण ऐकतंय तुझं गाणं. बरं बरं, नाही बोलत. त्या सुदर्शनला फोन लाव.

प्रणय : लावला. लग्नाच्या सीझनमध्ये आहे तो, मागं ढोल वाजत होते. म्हणे, दादा, मला कार्डात सापडलं, गायकाच्या जागी ‘जब्बार मोबाईल’ लिहिलेलं. मला वाटलं बेवारस आहे. आता एका कंपनीला देऊन टाकलंय, माझ्याही हातात राहिलं नाही. वरून मलाच विचारतो, आणखी आहेत का अशी?

जब्बार : पोरगं कामाचं आहे.

प्रणय : चाचा, मूळ फाईल पाहिजे मला. तुम्हाला पहिल्यांदा आणून दिली होती ती.

जब्बार : तुझ्या लॅपटॉपात असेल ना?

प्रणय : लॅपटॉप कधीच बसला. मी म्हटलं, नेटवर तर आहे, नेटवरून कुठं जातंय.

जब्बार : आणि मी कॉम्प्युटर फॉरमॅट मारला. व्हायरस शिरला होता त्यात. तुझी फाईल नाही राहिली इथं.

प्रणय : शेवटी आईचा आवाज होता त्यात.

जब्बार : गोजरबाईंचा?

प्रणय : मी खोलीत रेकॉर्ड करत होतो. शेवटचा सूर लागला अन् आई आली, म्हणाली, ‘प्रण्या, दार लाव रे, मांजर येतं.’ मी तसंच ठेवलं. नंतर आई गेली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही, चाचा. तिच्या फोनमध्येही नाही, तिला रेकॉर्डिंग येत नव्हतं. सगळ्या जगात तेवढंच आहे.

जब्बार : इथं यायची ती, रिचार्जला. म्हणायची, जब्बारभाऊ, माझ्या पोराचं लावा ना जरा. मी लावायचो. मग गिऱ्हाईक आलं की गाणं संपेपर्यंत बाहेर ऊन खात उभी. मी म्हणायचो, आत बसा की बाई. तर म्हणे, नको, तुमचा धंदा चालू द्या.

प्रणय : मला माहीत नव्हतं.

जब्बार : तुला सदतीस माहीत होते ना. अडतिसावी नेटवर नव्हती.

कडुबा : जब्बारभाई, येळ हाय का? फुलंब्रीहून बस्त्याची मंडळी आणलीय. बाया साडीच्या दुकानात घुसल्यात, आता दुपारपतुर काय भायेर निघत नाय.

जब्बार : या कडुबा, या. जीप कुठं लावली?

कडुबा : चौकातल्या घड्याळापाशी. नवरदेवाचा मामा राखणीला बसवलाय, ताणून झोपला बी आसंल. हे घ्या कार्ड, टेपातून काढून आणलं. हळदीची चार नवी गाणी भरा. पर एक जुनं हाय त्याच्यात, ते पुसू नका. पुसलं तर माझ्या जीपची लाईन बंद व्हईल.

जब्बार : कोणतं रे?

कडुबा : तुम्हीच दिलेलं की. हळदी धिंगाणा.

जब्बार : या अल्लाह! अरे कडुबा, हे कोण बसलंय ठाऊक आहे का तुला? हा म्हणजे…

प्रणय : गिऱ्हाईक. मी गिऱ्हाईक आहे. काच बदलायला आलोय मोबाईलची.

कडुबा : बदला भाऊ, बदला. इथं काम चांगलं व्हतं, फक्त थापा लई मारतेत.

प्रणय : ते गाणं… चांगलं आहे का?

कडुबा : खरं सांगू? नाचायला काय कामाचं नाय. हळद संपून मंडळी दमली की मी लावतो. त्यात ताटाचं हाय ना कायतरी, म्हून जेवणावळीच्या टायमाला बरं पडतं. म्हाताऱ्या बाया गप बसून ऐकतेत. एक तर पंगतीतून उठूनच गेली. मला वाटलं भाजी तिखट झाली.

प्रणय : सुदर्शनचं आहे की आता, डीजेवालं.

कडुबा : नको नको! तेच्यात त्या बाईला धा-धा येळा बोलायला लावलंय. ‘दार लाव, दार लाव, दार लाव,’ अन् मग धाडदिशी ढोल. आरं, एकदा सांगितलं ना बाईनं? माझ्या कार्डात ती एकदाच बोलती, नीट.

जब्बार : शेवटी आहे ती? तुझ्या कार्डात आहे?

कडुबा : हाय म्हंजे काय! तेच तर सांगतोय. माझ्या गाडीचं मागचं दार लागत नाय, ओढून लावावं लागतं. आधी मी बोंबलायचो तर कुणी हलायचं नाय. आता ह्या गाण्यापायी समदी जीप एका आवाजात वरडती, ‘प्रण्या, दार लाव रे!’ मागं जो बसला तो त्या दिवशीचा प्रण्या. हेडमास्तर बसू द्या नायतर सरपंच. मास्तरीनबाई तर म्हणती, ‘मांजर येतं!’

जब्बार : कोण आहे म्हणे हा प्रण्या?

कडुबा : कुणाला ठावं. आसंल कुणाचं तरी पोरगं. आळशी आसंल, दार उघडं टाकणारं.

प्रणय : हो. आळशीच असणार.

जब्बार : कडुबा, चहा पिऊन ये कोपऱ्यावर, माझ्या नावानं सांग. अन् मामाला बघून ये. तेवढ्यात भरतो.

कडुबा : पुसू नका बरं का तेवढं. आलोच.

जब्बार : गेला. चल बेटा, लाव कार्ड. अल्लाह देतो तेव्हा जीपमध्ये घालून पाठवतो! ही बघ, ही बघ फाईल.

प्रणय : तारीख बघू. चाचा, हे काय? एक जानेवारी, दोन हजार दोन?

जब्बार : ते जुन्या कॉम्प्युटरचा सेल गेला होता ना. लाईट गेली की तो दोन हजार दोनमध्ये जायचा. तिथं बरं वाटत असेल त्याला.

प्रणय : मी तेव्हा चार वर्षांचा होतो.

जब्बार : मग काय, बालकलाकार!

प्रणय : गायक, ‘जब्बार मोबाईल’. अल्बम, ‘शहागंज’. नाव, ‘हळदी धिंगाणा फुल बेस’. हा पुरावा देऊ? मी चार वर्षांचा असताना तुम्ही हळदीवर गायलेलं गाणं?

जब्बार : मी गायलो असतो तर काच फुटली असती, हलली नसती. थांब, डोकं लावू दे. हे बघ, त्या मशीनला गाणं द्यायचंच नाही. फक्त आईचं बोलणं काप, तेवढंच टाक. गाणं नाही, सूर नाही, बाजा नाही. आईच्या बोलण्यावर कोण हक्क सांगणार? ते तुझंच निघेल. अन् ते तुझं निघालं की पुढचं बोलता येईल.

प्रणय : चौथ्यांदा टाकलं तर चॅनल जाईल.

जब्बार : संध्याकाळी जाणारच आहे ना? आणि कोणती आई कुणाच्या मालकीची असते, सांग बरं.

प्रणय : आवाज जरा मोठा करा. एकदा ऐकू दे.

जब्बार : ऐक. किती वेळा ऐकायचं तितक्या वेळा ऐक.

प्रणय : बस. कापलं. टाकतोय.

जब्बार : नाव काय दिलंस?

प्रणय : आई.

जब्बार : माशाल्लाह. फिरतंय का गोल?

प्रणय : फिरतंय. तपासतं मशीन.

जब्बार : तपासू दे. तोपर्यंत सांग, नवीन काय लिहिलंस?

प्रणय : काही नाही. सोमवारपासून वाळूजला कंपनीत लागतोय, पॅकिंगला.

जब्बार : सुट्टीच्या दिवशी गात जा.

प्रणय : कुणासाठी?

जब्बार : त्या जीपमध्ये दहा माणसं बसतात, बेटा. कोंबली तर चौदा.

प्रणय : आलं उत्तर.

जब्बार : वाच.

प्रणय : ‘या ध्वनिफितीत डीजे सुदर्शन देवगावकर यांच्या मालकीचा आवाज आढळला आहे.’

जब्बार : कशात? त्या चार शब्दांत?

प्रणय : ‘वारंवार नियम मोडल्यामुळे तुमचं चॅनल कायमचं बंद करण्यात आलं आहे.’ बस. संपलं.

जब्बार : परत एकदा कर. दुसऱ्या नावानं कर. माझ्या फोनवरून कर, थांब, माझा फोन…

प्रणय : राहू द्या, चाचा.

जब्बार : नाही नाही, एक आयडिया आहे. आपण त्या सुदर्शनलाच…

प्रणय : चाचा, राहू द्या. फक्त ही फाईल माझ्या फोनमध्ये टाकून द्या.

जब्बार : टाकतो. नाव बदलून देऊ का? ‘ताटं तीन’ करू?

प्रणय : नको. आहे तेच असू द्या. लोक त्याच नावानं ओळखतात.

जब्बार : तुला राग नाही आला माझा?

प्रणय : आला. पण तुम्ही टोपी बदलली नसती तर आज हे कार्डही नसतं. म्हणून कुणावर काढायचा तेच कळत नाही.

जब्बार : मस्करी केली होती रे. फक्त मस्करी. लोकांनी ऐकावं म्हणून.

प्रणय : ऐकलं की लोकांनी.

कडुबा : झालं का जब्बारभाई? बाया आल्या भायेर! नवरीला शालू पसंत नाय अन् मामाचा चष्मा गायब हाय. चला, द्या कार्ड.

जब्बार : घे. चारही भरली. जुनं तसंच आहे, हात नाही लावला.

कडुबा : बरं झालं. भाऊ, तुमी कुठं ऱ्हाता?

प्रणय : हर्सूलला.

कडुबा : मंग चला की, वाटंतच हाय. मागं जरा दाटीवाटीनं बसावं लागंल, साड्यांचे गठ्ठे मांडीवर घ्यावे लागतील.

प्रणय : चालेल.

जब्बार : बेटा, येत जा इकडं.

प्रणय : बघू, चाचा. कामाची पाळी कशी लागते त्याच्यावर आहे.

(घड्याळापाशी, जीपमध्ये.)

कडुबा : बसले का समदे? मामा, जरा सरका. व्हय मावशी, लावतो, तेच लावतो, कार्ड तर घालू द्या आत. मागं शेवटला कोण हाय? ते भाऊच ना? प्रण्या, दार लाव रे!

प्रणय : लावलं.